वस्तीतले सल्लागार नेमायचे आहेत, पण त्यांच्या हाती नेमके काय द्यायचे?

दादरकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

माझ्या आजोबांनी १९६२ साली दादरला एक लहानशी सार्वजनिक विश्वस्त संस्था नोंदवली. छापखाना विकून आलेल्या रकमेतून तिचा मूळ निधी उभा राहिला आणि त्यावरील व्याजातून आज आम्हाला दरवर्षी साधारण १४ लाख रुपये वाटता येतात. विश्वस्तपत्रात उद्देश एका ओळीत लिहिलेला आहे : बृहन्मुंबईतील गरजू विद्यार्थी व रुग्ण यांना साहाय्य. आम्ही पाच विश्वस्त आहोत. त्यांतला सर्वांत तरुण मी, आणि माझे वय एकसष्ट आहे.

आमची पद्धत वर्षानुवर्षे ठरलेली आहे. जूनमध्ये अर्ज मागवायचे, गुणपत्रिका पाहायच्या, शंका आली तर ओळखीच्या मुख्याध्यापकांना फोन करायचा आणि ऑगस्टमध्ये चहा-बटाटेवड्याच्या समारंभात धनादेश द्यायचे. गेल्या वर्षी मी सहज म्हणून सगळ्या अर्जांवरचे पत्ते नकाशावर मांडून पाहिले. १३८ अर्जांपैकी गोवंडी, मानखुर्द, देवनार हा पट्टा ज्यात येतो त्या एम पूर्व विभागातून फक्त तीन अर्ज आले होते. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हाच विभाग शहरात सर्वांत तळाशी होता. म्हणजे आमचे पैसे गरजूंपर्यंत पोहोचत नाहीत असे नव्हे, परंतु ज्यांना आमचा पत्ता माहीत आहे अशाच गरजूंपर्यंत ते पोहोचतात, हे मला पहिल्यांदा डोळ्यांना दिसले.

म्हणून मी असा प्रस्ताव मांडला आहे की, पुढील वर्षापासून वाटपातील ४ लाख रुपये एम पूर्व विभागासाठी बाजूला ठेवावेत आणि ते कुठे द्यायचे हे ठरवताना त्याच भागात राहणाऱ्या सात सल्लागारांचे मार्गदर्शन घ्यावे. दोन विश्वस्त अनुकूल आहेत. एकांचे म्हणणे असे की, ‘आपण त्यांना विचारू अवश्य, पण निर्णय आपलाच राहील.’ मला नेमकी इथेच अडचण वाटते. निर्णय आपलाच राहणार असेल तर सात माणसांचा दिवस मोडून त्यांना विचारायचे कशासाठी? उलट निर्णय त्यांच्यावर सोपवला, तर धर्मादाय आयुक्तांपुढे उत्तर आम्हालाच द्यावे लागेल. सल्लागार निवडायचे कसे, त्यांना मानधन द्यावे का, आणि त्यांच्या शिफारशीला किती वजन द्यावे, याबाबत प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

बॉस्टनवासी

दादरकरजी, मी मूळचा डोंबिवलीचा असून गेली सव्वीस वर्षे बॉस्टनला राहतो. आपला प्रश्न वाचताना मला इथल्या रॉक्सबरी भागातील डडली स्ट्रीटची हकिगत आठवली. ती इथे सामाजिक कामात पडलेल्या बहुतेकांना ठाऊक असते.

१९८४ साली रायली फाउंडेशन या खासगी निधीचे विश्वस्त एका स्थानिक संस्थेचा अर्ज तपासण्यासाठी त्या भागात गेले. अर्ज किरकोळ होता, पण भोवतालची स्थिती पाहून ते हादरले. जाळून टाकलेली घरे, सुमारे १,३०० मोकळे भूखंड आणि त्यांवर शहरभरातून रात्री आणून टाकलेला कचरा, असे ते दृश्य होते. एका संस्थेला मदत देऊन भागणार नाही हे ओळखून त्यांनी भागातील संस्थांना एकत्र बोलावले, सल्लागार गट केला आणि संपूर्ण परिसराच्या पुनर्रचनेचा आराखडा तयार केला. इथवर सगळे आपल्या प्रस्तावासारखेच आहे.

१९८५ च्या आरंभी तो आराखडा रहिवाशांच्या सभेत मांडला गेला. नियोजित मंडळात बहुतांश जागा संस्थांच्या प्रतिनिधींना होत्या आणि रहिवाशांना अगदी मोजक्या. सभेतील लोकांनी उठून विचारले की, मंचावर बसलेल्यांपैकी या भागात राहते कोण? उत्तर अर्थातच अडचणीचे होते. पुढे जे घडले ते मला महत्त्वाचे वाटते : निधीच्या विश्वस्तांनी सभा गुंडाळली नाही आणि पैसेही काढून घेतले नाहीत. रचना पुन्हा लिहिण्यात आली. ३१ जणांच्या मंडळात रहिवाशांचे बहुमत ठेवण्यात आले, आणि कृष्णवर्णीय, केप व्हर्डीय (पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवरून आलेले), लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) व श्वेतवर्णीय या चारही समाजांना समान जागा दिल्या गेल्या, लोकसंख्येत त्यांचे प्रमाण वेगवेगळे असतानाही.

त्या मंडळाने पहिले काम कोणते हाती घ्यावे? घरे नव्हेत, शाळा नव्हेत, तर कचरा. १९८६ मध्ये ‘आमच्यावर कचरा टाकू नका’ अशा अर्थाची मोहीम काढून त्यांनी बेकायदा कचरा हाताळणारी ठिकाणे महापौरांना बंद करायला लावली. बाहेरून आलेल्या नियोजनकाराने कचऱ्याला इतके वरचे स्थान दिले असते असे मला वाटत नाही. त्या विजयानंतरच लोक मोठ्या संख्येने बैठकांना येऊ लागले, आणि १९८८ मध्ये त्या भागातील ओसाड खासगी भूखंड संपादन करण्याचा अधिकार शहराने या रहिवासी संस्थेला दिला. अमेरिकेत असा अधिकार एखाद्या वस्तीच्या संघटनेला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपली रक्कम लहान आहे आणि भूसंपादनाचा प्रश्न नाही, हे मान्य. परंतु आपले जे सहकारी ‘विचारू अवश्य’ म्हणतात, त्यांना ही सभा सांगून पाहावी.

जाता जाता एक गोष्ट. शहरातील दानाला स्थानिक नागरिकांची समिती जोडण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९१४ साली क्लीव्हलंडमध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिले सामुदायिक प्रतिष्ठान स्थापन केले, त्यात पैसा बँकेकडे आणि वाटपाचा निर्णय नागरिकांच्या समितीकडे अशी विभागणी होती. मृत्युपत्रात शंभर वर्षांपूर्वी लिहिलेल्या अटींनी जिवंत माणसांचे हात बांधू नयेत, ही त्यामागची त्याची तळमळ होती. त्या समितीतील सर्व माणसे प्रतिष्ठित होती, गरीब वस्तीतला त्यात कोणी नव्हता, हेही नमूद करायला हवे.

बैंगनवाडीहून

दादरकर साहेब, आपण ज्यांना सल्लागार म्हणून बसवू इच्छिता त्यांपैकी एक मी असू शकेन, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गोवंडीतल्या बैंगनवाडीत लहानाची मोठी झाले, आमच्या गल्लीतील अकरा बचत गटांचे हिशेब लिहिते, आणि एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर निधीसाठी, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशासाठी, दोन वर्षे ‘समुदाय सल्लागार’ होते. कंपनीचे नाव घेत नाही.

आम्हा सहा जणींना पहिल्या बैठकीला चेंबूरच्या एका हॉटेलात दुपारी बारा वाजता बोलावले होते. बारा वाजता बोलावले याचा अर्थ, जरीच्या कारखान्यात किंवा घरकामाला जाणारी बाई आलीच नाही आणि ज्यांचे नवरे रिक्षा चालवतात त्यांची मुले शाळेतून आणायची राहिली. जेवण फार चांगले होते. आम्ही तीन तास बोललो. निघताना एका मुलाने सहीसाठी कागद पुढे केला, तेव्हा त्यावर बैठकीचे इतिवृत्त आधीच टाइप केलेले होते. महिलांना शिलाई यंत्रे देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला, असे त्यात लिहिले होते. शिलाई यंत्र हा शब्द त्या तीन तासांत आमच्यापैकी कोणी उच्चारलाही नव्हता. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी सही केली, कारण सही केल्यावर येण्याजाण्याचे दोनशे रुपये मिळत होते.

चाळीस यंत्रे आली. आमच्याकडची मूळ घरे दहा बाय पंधरा फुटांची आहेत आणि त्यात सहा-सात माणसे राहतात. यंत्र ठेवायचे तर रात्री एका माणसाची झोपायची जागा जाते. वर्षभरात बरीचशी यंत्रे विकली गेली. मग ‘लाभार्थींना किंमत नाही’ असे ऐकून घ्यावे लागले, तेही आम्हा सल्लागारांनाच, कारण कागदावर मागणी आमची होती.

आता आम्ही त्या बैठकीत काय बोललो होतो ते सांगते. आम्ही कागदपत्रांबद्दल बोललो होतो. आमच्या भागातील हुशार मुलगी बारावीनंतर अडते ती गुणांमुळे नव्हे. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव असते, आधार कार्डावर दुसरे, आणि आईच्या शिधापत्रिकेवर तिसरे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीला १९५० चा, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा आणि इतर मागासवर्गाला १९६७ चा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या कुटुंबाची झोपडी तीनदा तुटली आणि ज्याला शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणून इथे टाकले, त्याने तो कागद कुठून आणायचा? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी एका मुलीचे वडील जालन्याला तीनदा जाऊन आले. प्रत्येक खेपेला तीन दिवसांची मजुरी बुडाली, शिवाय गाडीभाडे. तिसऱ्या खेपेला जुने रजिस्टर सापडले, तोवर शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. ती मुलगी आता एका दुकानात काम करते. आपल्याकडे एम पूर्वमधून तीनच अर्ज का आले, याचे निदान काही अंशी इथे आहे. आपल्या अर्जासोबत किती कागद जोडावे लागतात, ते एकदा मोजून पाहावे.

आमची मागणी एवढीच होती की, वस्तीतील दोन बायांना रोजच्या मजुरीइतके मानधन द्यावे. त्यांनी अशा कुटुंबांच्या निळ्या फायली घेऊन पालिकेच्या विभाग कार्यालयात, तहसील कार्यालयात, शाळेत सोबत जावे, अर्ज भरून द्यावेत, झेरॉक्स काढाव्यात आणि लागेल तिथे गावी जाण्याचे भाडे द्यावे. साहेबांना ते पटले नाही असे मला वाटत नाही. पण त्यावर फलक लावायला जागा नव्हती आणि फोटोही काढण्यासारखा नव्हता. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगेत उभ्या असलेल्या बाईचा फोटो अहवालात कोण छापणार?

आपल्या प्रश्नांबद्दल माझे मत असे. मानधन द्यावे, आणि ते बुडालेल्या मजुरीपेक्षा कमी नसावे. सल्लागार ओळखीच्या संस्थेकडून मागवू नयेत, कारण संस्था आपल्याच माणसाचे नाव देते. अंगणवाडी, बचत गट, लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन इमारतींच्या सोसायट्या, मशीद आणि बुद्धविहार अशा ठिकाणी कागद लावावा आणि तो मराठी, हिंदी, उर्दू अशा तिन्ही भाषांत असावा. बैठक वस्तीतच घ्यावी. इतिवृत्त बैठकीनंतर लिहावे, आणि सह्या घेण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एखाद्या अर्जाला सल्लागारांनी ‘नको’ म्हटले, तर विश्वस्तांनी तो मंजूर करू नये. ‘हो’ म्हणण्यासाठी आम्हाला सगळेच बोलावतात.

शंकेखोर

ताईंचे लिखाण वाचून वाईट वाटले. परंतु दुसरी बाजू मांडणे आवश्यक आहे.

मी उपनगरातील एका जुन्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा बारा वर्षे खजिनदार होतो. वर्गणीतून आम्ही वैद्यकीय मदत देत असू आणि त्यासाठी विभागातील पाच जणांची समिती होती. पहिली दोन वर्षे उत्तम गेली. तिसऱ्या वर्षापासून मदत मिळालेल्यांच्या यादीत समिती सदस्यांचे साडू, मेहुणे आणि शेजारी दिसू लागले. पाचव्या वर्षी त्यांतील एकाने पालिका निवडणुकीचे तिकीट मागितले. पैसा वाटणाऱ्या माणसाभोवती लोक जमतात, मग तो दादरचा असो वा गोवंडीचा. वस्तीत राहणारा तो वस्तीचाच, हे गृहीतक मला भाबडे वाटते. झोपडपट्टीतही मालक आणि भाडेकरू असतात, आणि भाडेकरूला समितीत कोणी बसवत नाही.

शिवाय लोकांना विचारले की ते नेहमीच शहाणपणाचे मागतात असेही नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची चांगली प्रथा सुरू केली. माझ्या भावाच्या प्रभागात त्यातून बाक, पेव्हर ब्लॉक आणि नावाच्या पाट्या यांपलीकडे फारसे काही आले नाही.

ठाण्याचे लेखापरीक्षक

विश्वस्त संस्थांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय असल्यामुळे कायद्याच्या अंगाने लिहितो.

दादरकरांचे सहकारी ‘निर्णय आपलाच’ म्हणतात ते कायद्याने बरोबर आहे आणि व्यवहाराने अपुरे. विश्वस्ताला आपली जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, हे विश्वस्त कायद्याचे मूळ तत्त्व आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली उद्या चौकशी झाली, तर ‘सल्लागारांनी सांगितले म्हणून दिले’ हा बचाव टिकणार नाही. परंतु विश्वस्तांना स्वतःला शिस्त लावून घेण्यास कोणी मज्जाव केलेला नाही. वर्षाच्या आरंभी असा ठराव करावा : अमुक रक्कम एम पूर्व विभागासाठी राखून ठेवली आहे, सल्लागार समितीची शिफारस असलेल्या अर्जांनाच त्यातून साहाय्य दिले जाईल, शिफारस विश्वस्तपत्राच्या उद्देशाबाहेर किंवा कायद्याविरुद्ध असेल तरच ती नाकारली जाईल, आणि नाकारल्यास कारण लेखी कळवले जाईल. अंतिम मंजुरीची सही विश्वस्तांची राहते, आणि ताईंनी मागितलेला ‘नको’ म्हणण्याचा हक्कही मिळतो. सल्लागार हे विश्वस्त नसल्यामुळे त्यांच्या नेमणुकीसाठी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, करावा लागत नाही. त्यांच्यापैकी एक-दोघांना पुढे विश्वस्त केलेत, जे मला अधिक आवडेल, तर मात्र नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागेल.

मानधनाला अडचण नाही, फक्त ते बँक खात्यातच जमा करावे. प्राप्तिकराच्या नियमांनुसार एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा अधिक रोख दिली तर तो खर्च धर्मादाय खर्चात धरला जात नाही. रक्कम त्याहून लहान असली तरी रोखीच्या पावत्या लेखापरीक्षणात डोकेदुखी ठरतात. विश्वस्तांचे नातेवाईक सल्लागार म्हणून घेऊ नयेत. त्यांना लाभ पोहोचल्याचे दिसले तर संस्थेची करसवलत धोक्यात येते.

आणखी एक मुद्दा बऱ्याच लहान संस्थांच्या अद्याप लक्षात आलेला नाही. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्देशांवर खर्च करावा लागतो हे सर्वांना माहीत असते. मात्र २०२३ च्या वित्त कायद्यापासून, आपण ती रक्कम स्वतः खर्च न करता दुसऱ्या विश्वस्त संस्थेला देणगी म्हणून दिली, तर तिच्यातील ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. म्हणजे वस्तीतील मोठ्या संस्थेला एकरकमी चेक देऊन मोकळे होण्यापेक्षा विद्यार्थ्यांवर थेट खर्च करणे आता हिशेबालाही सोयीचे आहे. ताईंनी सुचवलेले कागदपत्रांचे काम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीशी जोडले, तर ‘गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य’ या शब्दांत ते माझ्या मते सहज बसते. फक्त प्रत्येक मुलाच्या नावाने स्वतंत्र नोंद ठेवावी : कोणता कागद, कोणत्या तारखेला, किती खर्च, आणि शेवटी तो मिळाला की नाही.

शंकेखोरांच्या मुद्द्यावर एक साधा उपाय सुचवतो. मुदत दोन वर्षांची आणि सलग दुसरी मुदत नाही. सातांपैकी तिघे एका वर्षी निवृत्त व्हावेत आणि चौघे दुसऱ्या वर्षी. नातेवाइकाचा अर्ज आला तर सल्लागाराने तसे सांगून उठून बाहेर जावे, आणि इतिवृत्तात ते यावे.

बैंगनवाडीहून

शंकेखोर दादा, साडू-मेहुण्यांचे आपण म्हणता ते खरे आहे, आमच्याकडेही घडते. फरक एवढाच की गल्लीत कोणाचा कोण मेहुणा हे आम्हाला माहीत असते, दादरला माहीत नसते. यादी भिंतीवर लावावी, नाव आणि रकमेसह. रुग्णांची लावू नये, विद्यार्थ्यांचीही त्यांना विचारूनच लावावी. पण कोणती कामे मंजूर झाली आणि किती रुपयांची, हे लावायला काय हरकत आहे? दोन दिवसांत चूक पकडली जाईल. भाडेकरूंचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. सातांपैकी निदान दोन जागा भाडेकरूंसाठी ठेवाव्यात, असे मी आता म्हणेन.

दादरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आमची बैठक झाली. लेखापरीक्षकांनी सुचवलेला ठराव मी जवळजवळ त्याच शब्दांत मांडला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी तो संमत झाला. बॉस्टनची सभा ऐकल्यावर पार्ल्याच्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मत बदलले.

ताईंच्या सांगण्यावरून मी आमच्या अर्जाला जोडायचे कागद मोजले. ते अकरा आहेत. त्यांपैकी चार आम्ही का मागतो, याचे उत्तर बैठकीत कोणालाही देता आले नाही, तेव्हा ते चार तिथल्या तिथे रद्द केले. उत्पन्नाच्या दाखल्यावर वाद झाला आणि तो तूर्त तसाच राहिला आहे. मानधन बैठकीमागे ७०० रुपये ठरले आहे. ते कमी वाटल्यास ताईंनी स्पष्ट सांगावे.

ताई, सल्लागार निवडीची सूचना तिन्ही भाषांत तयार करून आपल्याकडे पाठवतो, उर्दू मजकूर कोणाकडून तरी तपासून घ्यावा. सर्वांशी बोलण्यासाठी पहिली सभा रविवारी सकाळी दहाला आपल्याकडे घेतली तर चालेल का?

बैंगनवाडीहून

सातशे रुपये ठीक आहेत. रविवारी सकाळी मात्र नको, तेव्हा आमच्या तीन गल्ल्यांना पाणी येते आणि अर्ध्या बाया नळावर असतात. सायंकाळी साडेपाचला अंगणवाडीच्या खोलीत या. खुर्च्या नाहीत, सतरंजी आहे. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांसाठी एक खुर्ची शेजारून आणून ठेवते.